तिशीनंतरचे मुरूम आणि रोझेशिया

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एका आजोबा-नातवाचं चित्र आहे. फ्लॉरेन्सचा चित्रकार दोमेनिको गिर्लांदायो याने ते १४९०च्या सुमारास रंगवलं. लाल झग्यातले आजोबा, त्यांच्याकडे मान वर करून बघणारा कुरळ्या केसांचा नातू, मागे खिडकीतून दिसणारा डोंगर. आणि आजोबांचं नाक गाठीगाठींनी फुगलेलं, ओबडधोबड. चित्रकाराने एकही गाठ लपवलेली नाही. आजचा त्वचारोगतज्ज्ञ ते नाक पाहून लगेच सांगेल की हा रायनोफायमा आहे, म्हणजे रोझेशिया नावाच्या आजाराचं नाकावर उमटलेलं रूप. अमेरिकेचे धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांचं नाकही असंच होतं आणि त्यांना फोटो काढून घेणं अजिबात आवडत नसे. युरोपात अशा नाकाला लोक सरळ दारूचा दोष देत. दारूने चेहऱ्यावरची लाली भडकते हे खरं. पण आयुष्यात थेंब न घेतलेल्यांनाही हा आजार होतो.

आपल्याकडे या आजाराचं नावच फारसं कानावर पडत नाही. गोऱ्या कातडीचा, थंड देशांतला आजार अशी त्याची ख्याती. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर लाली सहज दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचं निदानही होत नाही. मग पस्तिशी-चाळिशीची बाई किंवा पुरुष गालावरच्या पुळ्या घेऊन केमिस्टकडे जातो, मुरमाचं मलम आणतो, आणि ते लावल्यावर चेहरा आणखी जळायला लागतो. प्रौढपणी चेहऱ्यावर पुळ्या येण्याची दोन मोठी कारणं आहेत, मुरूम आणि रोझेशिया. दोघांची मुळं वेगळी आहेत आणि उपचारही बरेच वेगळे. हे आधी ओळखलं पाहिजे. निम्मा त्रास न ओळखल्यामुळेच होतो.

मुरमापासून सुरुवात करू. आपल्या चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक छिद्राखाली केसाचं मूळ असतं आणि त्याला लागून तैलग्रंथी. या ग्रंथीचं काम चक्रावून टाकणारं आहे. तिच्यातल्या पेशी तेल तयार करून बाहेर टाकत नाहीत. त्या स्वतः तेलाने भरत जातात, फुटतात आणि मरतात. चेहऱ्यावर येणारा तेलकटपणा म्हणजे या फुटलेल्या पेशींचाच ऐवज. त्या तेलात स्क्वालीन हा पदार्थ भरपूर असतो, तोच जो शार्क माशाच्या यकृतात सापडतो. छिद्राच्या तोंडाशी असलेल्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन तेलाबरोबर निघून जातात. मुरूम होणाऱ्या माणसात त्या एकमेकींना चिकटतात आणि बूच तयार होतं. आत तेल साचतं, हवा पोचत नाही. अशा बिनहवेच्या जागेत क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू सुखाने वाढतो, तेलाचे तुकडे करतो, आणि शरीराची रोगप्रतिकारक शक्ती तिथे धावून येते. लाल, दुखरी, पू भरलेली पुळी हा त्या झटापटीचा परिणाम.

बूच उघडं राहिलं तर टोक काळं दिसतं. हाच ब्लॅकहेड. तो काळा रंग मळाचा नसतो. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि हवेने बदललेलं तेल यांचा तो रंग आहे. म्हणून दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुऊन तो जात नाही, आणि ज्याच्या चेहऱ्यावर मुरूम आहेत तो अस्वच्छ राहतो असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

या सगळ्याची किल्ली अँड्रोजेन या संप्रेरकांकडे असते. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने १९४१ साली दाखवलं की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना मुरूम येत नाहीत, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की येऊ शकतात. दुसरी किल्ली आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाची. इक्वेडोरच्या डोंगराळ भागात लॅरॉन सिंड्रोम असलेली बुटकी माणसं राहतात. त्यांच्या शरीरात हा घटक जवळजवळ नसतो, आणि उपचार म्हणून तो बाहेरून दिला जात नाही तोवर मुरूमही नसतात. याच धाग्याने आहाराचा प्रश्न पुढे आला. पापुआ न्यू गिनीजवळच्या किटावा बेटावर संशोधकांनी १२०० लोकांचे चेहरे तपासले, त्यांत १५ ते २५ वयाचे ३०० जण होते, आणि मुरूम एकाच्याही चेहऱ्यावर सापडला नाही. ही माणसं कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ खातात. साखर, मैदा, दूध त्यांच्या ताटात जवळपास नाही. २००२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका बेटावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नये, कारण आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तरी रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केले की काही जणांचे मुरूम कमी होतात, असं नंतरच्या प्रयोगांतही दिसलं. जिममध्ये जाणाऱ्या तरुणांनी दुधापासून बनलेल्या व्हे प्रोटीनचा डबा उघडण्याआधी हे लक्षात घ्यावं. ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाल्यावर अचानक पुळ्या उठतात, तेही उगाच नाही. २०१५च्या एका अभ्यासात आढळलं की हे जीवनसत्त्व त्वचेवरच्या जिवाणूचा कारभारच बदलतं आणि तो दाह वाढवणारी द्रव्यं जास्त बनवायला लागतो. आपल्याकडे शाकाहारी घरांत ही इंजेक्शनं बरेच जण घेतात. ती गरजेची असतील तर थांबवू नयेत, फक्त डॉक्टरांना सांगावं.

प्रौढपणी मुरमाचा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. जागाही बदलते: कपाळाऐवजी हनुवटी आणि जबड्याची कड. पाळीच्या आठवडाभर आधी खोल, दुखऱ्या गाठी येतात, फुटत नाहीत आणि जाताना काळा डाग ठेवून जातात. बरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, वजन वाढत असेल तर पीसीओएसची (संप्रेरकांचा तोल बिघडवणाऱ्या अंडाशयाच्या विकाराची) तपासणी करून घ्यायलाच हवी. नुसत्या मलमाने तिथे भागत नाही. अशा बायकांसाठी स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाब आणि हृदयविकाराची जुनी गोळी उपयोगी पडते, कारण ती अँड्रोजेनचा रस्ता अडवते. ब्रिटनमध्ये ४१० बायकांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा फायदा स्पष्ट दिसला. गरोदरपणात मात्र ती चालत नाही.

आणि कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुरळ आली असेल तर आधी तेलाची बाटली पाहावी. केसांना लावलेली तेलं आणि पोमेड ओघळून कपाळावर येतात आणि छिद्रं बुजवतात, हे त्वचारोगतज्ज्ञांनी १९७०पासून नोंदवून ठेवलं आहे. खोबरेल तेल सोडा असं कोणत्याही मराठी घरात सांगणं कठीण आहे. धुण्याच्या तासभर आधी लावा आणि धुऊन टाका, एवढं तरी करता येतं.

आता रोझेशिया. एका मोठ्या आढाव्यानुसार जगातल्या सुमारे ५ टक्के प्रौढांना तो असतो. ओळखायची सोपी खूण अशी की यात ब्लॅकहेड नसतात. गाल, नाक, कपाळाचा मध्य आणि हनुवटी इथे लाली येते, आधी येते-जाते, मग मुक्काम करते. बारीक रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसू लागतात. पुळ्या येतात, पण बूच नसतं. सावळ्या चेहऱ्यावर लाली शोधत बसण्यापेक्षा माणूस काय सांगतो ते ऐकावं: चेहऱ्यातून वाफा निघतात, उन्हातून आलं की गाल तासभर तापलेले राहतात, साधं क्रीमसुद्धा चुरचुरतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटणं, पापण्यांच्या कडा लाल होणं, वरचेवर रांजणवाडी येणं हीदेखील याच आजाराची लक्षणं असू शकतात. डोळ्यांचा त्रास आणि चेहऱ्याचा त्रास यांचा संबंध रुग्ण स्वतःहून जोडत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारायला हवं. डोळ्यांतला रोझेशिया दुर्लक्षित राहिला तर पारपटलाला इजा होऊ शकते.

चेहरा असा पेटतो का, याचं उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हाती लागत गेलं. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे तोंडाला आग का होते, हे शोधताना डेव्हिड ज्युलियस यांना १९९७ साली मज्जातंतूंवरचं एक दार सापडलं. टीआरपीव्ही-१ असं त्याचं नाव. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की हे दार उष्णतेनेही उघडतं. म्हणजे गरम आणि तिखट यांची सूचना मेंदूला एकाच वाटेने जाते! या शोधाला २०२१ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. रोझेशियाच्या रुग्णांच्या त्वचेत अशी दारं जास्त आणि जास्त संवेदनशील असतात. कोल्हापुरी तांबडा रस्सा, दुपारचं ऊन, चुलीची धग आणि वाफेचं भांडं, शरीराच्या दृष्टीने ही सगळी एकाच जातीची भडकावणी आहेत.

चहा-कॉफीची गोष्ट तर फारच मजेची आहे. १९८१ साली जोनाथन विल्किन यांनी रोझेशियाच्या रुग्णांना गरम कॉफी, गार कॉफी, नुसतं गरम पाणी आणि कॅफीन असं वेगवेगळं देऊन पाहिलं. गरम कॉफीने चेहरा लाल झाला, गरम पाण्यानेही झाला. गार कॉफीने आणि कॅफीनने नाही झाला. दोष उष्णतेचा होता. त्यामुळे या रुग्णांनी चहा सोडायची गरज नाही. बशीत ओतून, निववून प्यावा.

दुसरा धागा त्वचेच्या स्वतःच्या संरक्षणाचा. जंतूंशी लढण्यासाठी आपली त्वचा कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन बनवते. सॅन दिएगोच्या रिचर्ड गॅलो यांच्या गटाने २००७ साली दाखवलं की रोझेशियात हे प्रथिन जास्त असतं आणि ते कापणारं विकर, कॅलिक्रीन-५, हेही जास्त असतं. त्यातून भलतेच तुकडे पडतात. ते तुकडे उंदरांच्या कातडीत टोचल्यावर तिथे लाली आणि दाह उमटला. ज्याने राखण करायची तेच इथे आग लावतं. याच माहितीमुळे एका जुन्या कोड्याचा उलगडा झाला: डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक ४० मिलिग्रॅमसारख्या, जंतू न मारणाऱ्या मात्रेतही रोझेशियावर काम का करतं? कारण ते या कापाकापीला लगाम घालतं.

तिसरा धागा ऐकून बऱ्याच जणांना शिसारी येते, पण तो चुकवू नये. आपल्या चेहऱ्यावर, केसांच्या मुळाशी, डेमोडेक्स नावाचे आठ पायांचे सूक्ष्म किडे राहतात. जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावर असतात. लांबी ०.३ ते ०.४ मिलिमीटर, शरीर लांबुळकं, पाय सगळे पुढच्या भागात. दिवसा ते छिद्रात डोकं खाली घालून असतात आणि रात्री आपण झोपलो की जोडीदार शोधायला बाहेर पडतात, तासाला एखादा सेंटिमीटर चालतात. बर्लिनच्या गुस्ताव सिमोन यांनी १८४२ साली त्यांचं वर्णन केलं. या किड्यांना गुदद्वारच नाही, जन्मभर साठलेली घाण मेल्यावर एकदम बाहेर पडते आणि त्यातून रोझेशिया होतो, असं बराच काळ म्हटलं जाई. २०२२ साली त्यांच्या जनुकांचा आणि शरीराचा नीट अभ्यास झाला तेव्हा गुदद्वार सापडलं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की हजारो वर्षं माणसाच्या आश्रयाने राहून त्यांनी आपली पुष्कळ जनुकं गमावली आहेत. निरोगी चेहऱ्यावर ते निरुपद्रवी असतात. रोझेशियात त्यांची संख्या वाढलेली आढळते आणि त्यांच्यामुळे दाह चेततो.

यावरचं औषध जिथून आलं ती हकिगत मला वैद्यकातल्या सर्वांत विलक्षण हकिगतींपैकी एक वाटते. जपानच्या शिझुओका प्रांतात इतो शहराजवळ कावाना इथे एक गोल्फ कोर्स आहे. १९७०च्या दशकात सातोशी ओमुरा यांनी त्याच्याजवळची माती उचलली. त्या मातीतल्या जिवाणूपासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने ॲव्हरमेक्टिन वेगळं केलं आणि त्यातून आयव्हरमेक्टिन घडलं. आधी ते गुराढोरांच्या जंतांवर वापरलं गेलं. १९८७पासून ते आफ्रिकेत जंतांमुळेच येणाऱ्या नदीकाठच्या अंधत्वावर फुकट वाटलं जाऊ लागलं आणि लाखो लोकांची दृष्टी वाचली. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१४ अखेर, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच औषधाच्या १ टक्का क्रीमला रोझेशियासाठी मान्यता दिली. ते डेमोडेक्सही कमी करतं आणि दाहही.

मुरमाच्या औषधांचाही इतिहास आहे, आणि त्याची एक बाजू काळी आहे. ट्रेटिनॉईन या जीवनसत्त्व अ-च्या भावंडाचं मलम आल्बर्ट क्लिगमन यांनी पुढे आणलं. १९७१ साली त्याला मान्यता मिळाली आणि छिद्रातलं बूचच होऊ न देणारं पहिलं साधन डॉक्टरांच्या हाती आलं. पण याच क्लिगमननी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या त्वचेवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्या कैद्यांची, ज्यांत कृष्णवर्णीय पुष्कळ होते, खरी संमती कोणी घेतली नव्हती. मलमाचा उपयोग मान्य करताना ही माणसं विसरता कामा नयेत. पुढे १९७९ साली गॅरी पेक यांनी आयसोट्रेटिनॉईन गोळ्यांचा निष्कर्ष मांडला: कोणत्याही उपचाराला न जुमानणाऱ्या गाठींच्या मुरमाचे १४ रुग्ण, त्यांतले १३ पूर्ण बरे, आणि गोळ्या थांबवल्यावरही बरेच राहिले. मुरमावर याहून प्रभावी औषध आजही नाही. पण गर्भाला ते भयंकर व्यंग आणतं. गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर किमान महिनाभर गर्भ राहता कामा नये, हा नियम कितीही वेळा सांगितला तरी कमीच.

रोजच्या मुरमाला इतकं जालीम काही लागत नाही. रात्री अडापलीन किंवा ट्रेटिनॉईन, आणि जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड. हे दुसरं औषध टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडवतं, तेव्हा पांढरे वापरावेत. मलम फक्त पुळीवर टिपकं देऊन लावू नये, कारण पुळी दिसायच्या कितीतरी आठवडे आधी छिद्रात बूच तयार झालेलं असतं. वाटाण्याएवढं मलम सगळ्या चेहऱ्याला पातळ लावावं, सुरुवातीला एक दिवसाआड. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून देणारे फार असतात आणि पुढे ते औषधालाच नावं ठेवतात. प्रतिजैविकाचं मलम किंवा गोळी एकटी कधीच वापरू नये, जिवाणू सरावतात.

रोझेशियाला मात्र हीच औषधं अनेकदा सोसत नाहीत. तिथे आयव्हरमेक्टिन, मेट्रोनिडाझोल, कमी मात्रेतलं डॉक्सिसायक्लिन, आणि दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांसाठी लेझर. दोन्ही आजारांत चालणारं एक औषध आहे, ॲझेलाइक ॲसिड. शिबं झालेल्या जागी कातडी फिकी का पडते, हे शोधताना रोममधल्या संशोधकांचं लक्ष शिब्याच्या बुरशीतून निघणाऱ्या या आम्लाकडे गेलं. मग ते काळ्या डागांवर वापरून पाहिलं, तेव्हा मुरूमही कमी होताना दिसले. आपल्या वर्णाला पुळीपेक्षा तिच्या मागे राहणारा डाग जास्त छळतो, म्हणून हे औषध आपल्यासाठी फार मोलाचं आहे. गरोदर बायकांनाही ते देता येतं. दोन्ही आजारांत सौम्य फेसवॉश, बिनसुगंधी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन हवंच. रोझेशियात झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन सहसा चुरचुरत नाही. पार्लरमधली वाफ, स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट हे सगळं बंद.

इथवरचं सगळं व्यर्थ जाईल अशी एक गोष्ट आपल्या घरोघरच्या कपाटात आहे. स्टेरॉइडची ट्यूब. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांचं मलम चेहऱ्याला लावलं की दोन दिवसांत लाली जाते, पुळ्या बसतात, रंग उजळ दिसतो. रक्तवाहिन्या तात्पुरत्या आवळल्यामुळे आणि दाह दबल्यामुळे हे होतं. काही आठवड्यांत कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि नव्या पुळ्यांची रास उठते. बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा होतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो आणि अडकतो. औषधाने केलेला हा रोझेशियाच. २०११ साली भारतातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी असलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण अशी मलमं वापरत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना ती डॉक्टरांनी सुचवलेली नव्हती. शेजारी, मैत्रीण, पार्लर, केमिस्ट यांच्याकडून ती आली होती. गोरं होण्यासाठी वापरणारेही पुष्कळ होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने याविरुद्ध सतत आवाज उठवला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती आजही सहज मिळतात.

तुमच्या घरात चेहऱ्याला लावायची ट्यूब असेल तर आज तिच्या मागचा बारीक मजकूर उजेडात धरून वाचा. वर दिलेल्यांपैकी एखादं नाव किंवा शेवटी ‘सोन’ वा ‘सोल’ असलेलं दुसरं एखादं नाव दिसलं तर ती डॉक्टरांना दाखवा. बरेच दिवस वापरली असेल तर एकदम थांबवू नका, त्यांच्या देखरेखीखाली कमी करत आणा. ती ट्यूब कुणी दिली, किती दिवस लावली, हे लपवू नका. निदानाला सगळ्यात जास्त मदत त्याच माहितीची होते.